वही कुठे आहे?

पोरी,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा ठेवताना वाचला. चहा उतू गेला, ते तुझ्या खाती. ‘मैदान भरलं होतं ताई, तरी रिकामं रिकामं वाटतंय’ असं लिहिलंयस. पुढच्या वर्षी कामगार महोत्सवाच्या समितीत राहू, की ही जत्रा सोडून एखाद्या युनियनच्या ऑफिसात जाऊन बसू, असं विचारतेस.

फोटो सगळे पाहिले. मांडव देखणा, डफवाला पोरगा तर भलताच जोरात दिसतोय. एका फोटोत मागे फाटकाशी आठ-दहा डिलिव्हरीवाली पोरं गाड्यांवर बसलीत, हेल्मेटसुद्धा न काढता. पुढच्या फोटोत त्यातली चार दिसत नाहीत. ऑर्डर आली असणार. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव तुझ्याकडे लिहिलेलं आहे?

नसणारच. म्हणून रिकामं वाटतंय.

महोत्सव की संघटना, हा वाद मी चाळीस वर्षं ऐकतेय आणि आता मला त्याचा कंटाळा येतो. मी एकच विचारते. वही कुठे आहे?

तुम्ही कार्यक्रम रविवारी ठेवलात, लोकांना सुटी असते म्हणून. ती सुटी कुठून आली ते तू भाषणात सांगितलंस. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, १० जून १८९०, सगळं बरोबर. पण १८८४ गाळलंस. त्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या वाचून बघ. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. दिवसभर यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांच्या साडेपाच हजार सह्या एका सभेतल्या टाळ्यांवर होत नाहीत. कुणीतरी कागद घेऊन बसलं असेल, परत परत गेलं असेल. तरीही सुटी मिळायला सहा वर्षं लागली. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायका उभं राहून बोलल्या, तेव्हा कुठे मालक हलले. आपण भाषणात हा शेवट सांगतो आणि सह्यांची सहा वर्षं गिळून टाकतो. (आणि तुझ्या त्या फाटकावरच्या पोरांना रविवार हाच सगळ्यात जास्त धावपळीचा दिवस, हेही तारीख ठरवताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.)

मागे तू मला इंग्लंडमधल्या डरहॅमच्या खाणकामगारांच्या मेळाव्याचा व्हिडिओ पाठवला होतास. १८७१ मध्ये सुरू झालेला मेळावा, खाणी बंद झाल्या तरी दर जुलैत लोक वाजतगाजत निघतात. ‘आपल्याकडे असं हवं,’ तू लिहिलंस. तुला बँड दिसला, मला बॅनर दिसले. त्या मोठाल्या बॅनरांवर एकेका खाणीच्या लॉजचं नाव असतं. लॉज म्हणजे वर्गणी भरणारी, यादीत नाव असलेली माणसं. तिथे आधी यादी झाली, मग बॅनर शिवला, बँड त्याच्यामागून आला. आपण बँडच्या सुपारीपासून सुरुवात करतो.

गाण्यांवर माझा राग आहे असं समजू नकोस. मी गाण्यातूनच आले. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या आठवणी सांगणारी माणसं आमच्या चाळीत होती. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होते. सभेआधी आम्हा पोरींना स्टेजवर उभं करायचे आणि आम्ही घसा फाटेस्तोवर गायचो. अडीच लाख कामगार संपावर, आणि मला वाटायचं की एवढ्या आवाजापुढे कोण टिकणार? मग हळूहळू चाळ रिकामी होत गेली. कुणी सातारला, कुणी कोकणात, कुणी घाटावर. कोण कुठल्या गावाला गेलं हे कुणी लिहून ठेवलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, चार महिन्यांत परत येतील.

पुढे तीस वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा सरकारनं विचारलं, तुम्ही कामगार होता याचा पुरावा काय? तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, ईएसआयसीचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर, पगाराची पावती. आईनं वडिलांचा लाल पास ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवला होता. आमच्या शेजारच्या काकांनी एकोणीस वर्षं काम केलं, त्यातली कितीतरी बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी. त्यांच्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. मी ज्या सभांत गायले त्या प्रत्येक सभेला ते हजर होते. त्यांची हजेरी फक्त माझ्या आठवणीत होती आणि ती कुठल्याच खिडकीवर चालत नाही.

म्हणून म्हणते, वही.

आता जे सांगतेय ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. घरकामगार बायकांचा आमचा एक मेळावा होता. मैदान ओसंडत होतं, मी माइकवर. तेवढ्यात पायऱ्यांपाशी एक बाई आली, हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, ‘ताई, मालकिणीनं चोरीचा आळ घेतलाय, मंगळवारी पोलिसांनी बोलावलंय.’ मी म्हटलं, ‘हो हो, एवढं गाणं होऊ दे, बसा.’ गाणं झालं, मग पाहुणे बोलले, मग ठराव आले. खाली उतरले तेव्हा ती नव्हती. मंगळवारी सकाळी मी जागी झाले आणि लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही, वस्ती माहीत नाही, कुठलं पोलीस ठाणं तेही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मैदानाचा फोटो आला होता. खूप शोधलं मी त्यात तिला.

त्यानंतर मी बदलले. लोक म्हणतात, बिघडले. समितीत मला मागून ‘तलाठीण’ म्हणायचे, ते कळत होतं मला. प्रत्येक दालनावर रजिस्टर पाहिजे, प्रत्येक कार्यकर्त्यानं दहा माणसं वाटून घेतली पाहिजेत, पंधरा दिवसांत त्यांच्या दारात गेलं पाहिजे, असा माझा हट्ट होता. उत्साहावर पाणी ओतते म्हणायचे. मग एका वर्षी मांडवाचा खर्च एका बिल्डरनं उचलला. त्याच्या साइटवरच्या मजुरांची बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नोंद नव्हती. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ती सही करायला त्याचा ठेकेदार तयार नव्हता. मी म्हटलं, मांडव नको, त्या सह्या मागा. नाही मागितल्या. मी उठले आणि बाहेर पडले. तुला कुणीतरी सांगितलं असेल की ताई मानापमानावरून गेल्या. तसं नाही. बरं, दार आपटलं ते आपटायला नको होतं, आत राहून भांडले असते तर कदाचित चार सह्या मिळाल्याही असत्या. पण मुद्दा माझाच बरोबर होता आणि आजही आहे.

माथाडी कायद्याला आपण भाषणात ऐतिहासिक म्हणतो. १९६९ चा तो कायदा एकदा उघडून तर बघ. मंडळाकडे मालकाची नोंद, हमालाची नोंद, मजुरी मंडळामार्फत. त्यातली नोंद काढून टाकलीस तर कायद्याचं नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर उरेल. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या ज्या श्रमसंहितांविरुद्ध, म्हणजे नव्या कामगार कायद्यांविरुद्ध तुम्ही फलक रंगवलेत, त्यांचंच बघ. एका ठिकाणी अनेक संघटना असतील, तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाट करणार. विरोध कर, जरूर कर. पण उद्या कुणी ५१ टक्के दाखवा म्हटलं तर काय दाखवणार आहेस, ड्रोननं काढलेला व्हिडिओ?

समिती सोडू नकोस. युनियनच्या ऑफिसातही जा, पण तिथे फक्त पत्रकं टाइप करायला बसवलं तर मला कळव, मी येऊन भांडते. डिलिव्हरीच्या पोरांना भाषण द्यायला जाऊ नकोस. ती दुपारी कुठे थांबतात, मोबाइल कुठे चार्ज करतात, कंपनीच्या अॅपवरचा आयडी ब्लॉक झाला तर कुणाला फोन करतात, ते आधी विचार. नाव लगेच सांगणार नाहीत. कुणी यादी मागितली की मुकादमाची आठवण येते माणसाला. मग तिसऱ्यांदा जा. तुझ्या फोटोतल्या निळ्या हेल्मेटवाल्याला फाटकासमोरचा चहावाला ओळखत असेल, तिथून सुरू कर.

सोबत एक वही पाठवतेय, दोनशे पानी. पहिल्या पानावर चार रकाने आखून दिलेत: नाव, राहायला कुठे, कामाला कुठे, पुन्हा कधी भेटायचं. चौथा रकाना रिकामा दिसला तर मला चालणार नाही. गुरुवारी सातनंतर ये, दुपारी मी झोपते. येताना पाच ओळी तरी भरून आण.

तुझी,
ताई