जुना राउटर आणि लॅपटॉप वापरून मोबाइल हॉटस्पॉटची रेंज घरात कशी वाढवावी?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की फोनचा हॉटस्पॉट पुढच्या खोलीत नीट चालतो, मागच्या खोलीत मात्र तो जवळजवळ मिळतच नाही. घरात एक जुना राउटर आणि एक जुना विंडोज लॅपटॉप पडून आहे आणि नवीन काही विकत घ्यायचे नाही. हे काम नक्की होते. मी स्वतः काही महिने अशीच व्यवस्था वापरली आहे.

सर्वप्रथम फोनची जागा ठरवावी. इंटरनेट आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत येते, टॉवरपासून फोनपर्यंत आणि फोनपासून आपल्या उपकरणांपर्यंत, आणि राउटरने सुधारतो तो फक्त दुसरा टप्पा. म्हणून दोन्ही खोल्यांना सोयीचा पडावा या हेतूने फोन घराच्या मध्यभागी ठेवणे चुकीचे आहे; मोबाइल नेटवर्क जिथे सर्वांत चांगले मिळते तिथेच, बहुधा एखाद्या खिडकीपाशी, तो कायम ठेवावा आणि मागच्या खोलीची काळजी राउटरवर सोपवावी.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये ‘रिपीटर’, ‘क्लायंट’ किंवा ‘डब्ल्यूआयएसपी’ यांपैकी एखादा पर्याय आहे का ते पाहावे. ‘डब्ल्यूडीएस’ नावाचा पर्याय दिसला तरी त्यात वेळ घालवू नये, कारण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या उपकरणांत ती सोय लागते आणि फोनच्या हॉटस्पॉटमध्ये ती सहसा नसते. डब्ल्यूआयएसपी पद्धतीत राउटर हॉटस्पॉटला एका साध्या ग्राहकासारखा जोडला जातो आणि आपल्या मागची सगळी उपकरणे स्वतःच्या एकाच नेटवर्क पत्त्याआड (आयपी ॲड्रेसआड) ठेवतो, त्यामुळे फोनला काही वेगळे करावे लागत नाही.

मात्र राउटरमध्ये एकच रेडिओ, म्हणजे वायफायच्या लहरी पाठवणारा आणि घेणारा भाग, असेल, तर तोच फोनचे ऐकतो आणि तोच आपल्या उपकरणांशी बोलतो, तेही एकाच चॅनेलवर आळीपाळीने. परिणामी वेग साधारण निम्मा होतो. असा राउटर जिथे रेंज संपते त्या खोलीत न ठेवता अलीकडे, वाटेत ठेवावा. मी सुरुवातीला तो थेट मागच्या खोलीत ठेवला होता, तेव्हा लॅपटॉपवर वायफायच्या पूर्ण रेघा दिसत आणि तरीही पाने उघडत नसत, कारण त्या रेघा राउटरपर्यंतच्या होत्या, फोनपर्यंतच्या नव्हत्या. सिग्नल मोजणारे ॲप घेऊन उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) आसपास आकडा मिळेल अशी जागा शोधावी. उणे ८० च्या घरात गेल्यावर जोडणी टिकत नाही.

तरीही माझी पसंती दुसऱ्या मार्गाला आहे, आणि राउटरमध्ये वरचे पर्याय नसतील तरी तो चालतो. लॅपटॉप फोनजवळच ठेवून वायफायने हॉटस्पॉटला जोडावा. मग विंडोजच्या नेटवर्क जोडण्यांच्या यादीत त्या वायफाय जोडणीच्या ‘शेअरिंग’ टॅबमध्ये जाऊन तिचे इंटरनेट केबलच्या जोडणीला वाटून द्यावे. लॅपटॉपमधून निघालेली लॅनची केबल राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या खाचेत, लावावी आणि राउटरला पत्ता आपोआप घेण्यास सांगावे. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून राउटर थेट मागच्या खोलीतच ठेवता येतो. भिंती ओलांडण्याचे काम लहरींऐवजी तार करते आणि वेग निम्मा होण्याचा प्रश्न उरत नाही. राउटरचे चॅनेल हॉटस्पॉटपेक्षा वेगळे ठेवावे, २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ ही तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. लॅपटॉप झोपी जाणार नाही आणि झाकण मिटल्यावर बंद पडणार नाही अशी सेटिंग करून ठेवावी. माझ्याकडे लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर शेअरिंग कधीकधी बंद करून पुन्हा चालू करावे लागे, एवढा त्रास मात्र होता.

काही अडथळे हमखास येतात. जुना राउटर किंवा लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ जाणत असेल आणि हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असेल, तर त्याला हॉटस्पॉटचे नावच दिसणार नाही. फोनमध्ये हॉटस्पॉटचा बँड बदलून २.४ गिगाहर्ट्‌झ करावा, आयफोन १२ किंवा त्यापुढचा असल्यास ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावे. हॉटस्पॉटची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुनी उपकरणे जोडली जात नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए२ निवडावे. पण जुन्या राउटरच्या सोयीसाठी डब्ल्यूईपीपर्यंत खाली उतरू नये, ते सहज फोडता येते. राउटरच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांची मालिका एकच असेल, उदाहरणार्थ दोन्हीकडे १९२.१६८.१, तर सगळे जोडलेले दिसूनही इंटरनेट चालत नाही. राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काही ठेवावा.

कोणी जोडलेले नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद करण्याची सोय फोनमध्ये असेल, तर ती काढून टाकावी. फोन सतत चार्जरवर राहणार असल्याने त्याचे कव्हर काढावे आणि खिडकीत ठेवला तरी त्यावर ऊन पडू देऊ नये, कारण उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते आणि फुगूही शकते.

हे सारे जोडण्यापूर्वी फोनच्या अगदी शेजारी बसून एकदा वेग मोजून लिहून ठेवावा. मागच्या खोलीत त्याहून अधिक मिळणार नाही. केबलच्या मार्गाने त्याच्या बराच जवळ मिळाला, तर जोडणी बरोबर झाली असे समजावे.