फ्रान्समधल्या बोर्डोची 2017 ची रेड वाइन ‘पडेल साल’ म्हणून स्वस्तात मिळतेय. सांगलीत आणून प्यावी का?

घ्या, फक्त वर्षानुवर्षं साठवायला नको, लवकर प्यायला घ्या. 2017 बदनाम झालं ते एप्रिलअखेरच्या थंडीने: रात्रीत पारा शून्याखाली गेला आणि नवी फूट जळाली. पण बोर्डोतल्याच मेदोक भागात जिरोंद खाडीलगतच्या बऱ्याच बागा पाण्याच्या उबेने वाचल्या. तासगावच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. अवकाळीत एकाचा माल जातो, शेजाऱ्याचा वाचतो, साल मात्र दोघांचंही वाईट ठरतं. त्यात मागे 2015-2016, पुढे 2018, तिन्ही गाजलेली. मधल्याला कोण विचारतो? भाव उतरतो तो बराचसा यामुळेच. अशा सालातल्या वाइनचा तुरटपणा सहसा सौम्य असतो, त्यामुळे ती लवकर तयार होते. 2016 च्या चांगल्या बाटल्यांना अजून थांबावं लागेल, हिला नाही. मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको, तिखटापुढे तिची चवच लागत नाही. साधं भाजलेलं मटण बरं.

अट एकच: लेबलवर नुसतं ‘बोर्डो’ असेल तर सोडा, उत्पादकाचं नाव आणि गाव बघून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओतण्याआधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.