लोहियांचा ‘तीन आणे विरुद्ध पंधरा आणे’ वाद काय होता? त्यांचा आकडा खरा होता का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही आणखी एक विचारलंय: पंतप्रधान नेहरूंवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात, हा लोहियांचा आरोप खरा होता की नुसती विरोधकांची आरडाओरड? दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल, कारण गरिबाचे रोजचे तीन आणे आणि पंतप्रधानांचे रोजचे २५ हजार, हे दोन आकडे लोहियांनी मुद्दाम शेजारीशेजारी ठेवले होते.

आधी माझा या विषयाशी संबंध सांगतो. नोकरीची बरीच वर्षं मी राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्वेषक होतो. मराठवाड्यातल्या गावांत घरोघर जाऊन गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती, गोडंतेल किती, बिडी-काडीपेटी किती, हे विचारून तक्ते भरायचे. लोहियावाद्यांशी माझं कधी फारसं जमलं नाही. पण तीन आण्यांचा हिशेब पाहिला की हात आपोआप कागदाकडे जातो.

प्रसंग १९६३ चा. आदल्या वर्षी समाजवादी नेते राममनोहर लोहिया फूलपूरमध्ये नेहरूंविरुद्ध उभे राहून हरले होते. १९६३ मध्ये ते फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. त्याच सुमारास अमरोह्यातून आचार्य कृपलानी आणि राजकोटहून मिनू मसानी हे विरोधी नेतेही निवडून आले. चीनच्या युद्धाला वर्षही झालं नव्हतं. संरक्षणाची तरतूद ८६७ कोटींवर गेली होती आणि तो पैसा उभा करायला अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी कर वाढवले, शिवाय सक्तीची ठेव योजना आणली. त्यावर सुवर्ण नियंत्रण! १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. आमच्या आळीतल्या सोनाराने त्या वर्षी दुकानात किराणा माल भरला, असं वडील सांगायचे.

ऑगस्टमध्ये कृपलानींनी अविश्वास ठराव मांडला. स्वतंत्र भारतातला हा पहिलाच. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला आणि तो पडणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. पण त्या चर्चेत लोहिया बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की, देशातली २७ कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर मात्र रोज २५ हजार रुपये खर्च होतात. १९६१ च्या जनगणनेत आपण सुमारे ४४ कोटी होतो. म्हणजे २७ कोटी हे साधारण ६० टक्के.

नेहरूंनी उत्तर दिलं की हे चूक आहे, योजना आयोगाच्या आकड्यांनुसार माणशी रोजचं उत्पन्न पंधरा आणे पडतं. लोहियांनी यावर वेगळी चर्चाच मागितली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती झाली. इतर सदस्यांनी आपापल्या वाट्याची मिनिटं लोहियांना देऊन टाकली. आज सभागृहात असं कुणी कुणासाठी करेल का, याची मला शंकाच आहे.

आता आकडे. तरुण वाचकांसाठी सांगतो, सोळा आण्यांचा रुपया आणि एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. १९५७ मध्ये नवे पैसे आले तरी बाजारात आणि बोलण्यात आणे बरीच वर्षं टिकले. तीन आणे म्हणजे जेमतेम १९ पैसे आणि पंधरा आणे म्हणजे ९४ पैसे.

खरी मेख अशी की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतच नव्हते. नेहरूंचे पंधरा आणे ही सगळ्या देशाची सरासरी होती. तिच्यात गिरणीमालकही आला आणि त्याच्या गिरणीतला बदली कामगारही. लोहिया विचारत होते ते तळच्या ६० टक्क्यांबद्दल. तळाबद्दलच्या प्रश्नाला सरासरीने उत्तर देणं म्हणजे ‘विहिरीला पाणी किती?’ या प्रश्नावर तालुक्याचा पाऊस सांगणं. ही चूक नेहरूंसारख्या माणसाने करावी याचं मला आजही नवल वाटतं. बहुधा कचेरीने हातात दिलेला कागद त्यांनी वाचून दाखवला असावा.

या वादात एक तिसराही आकडा आहे. तो फारसा कुणाच्या लक्षात नसतो आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. योजना आयोगाचा कारभार पाहणाऱ्या गुलझारीलाल नंदांनी खालच्या ६० टक्क्यांसाठी साडेसात आणे सांगितले. म्हणजे पंधराचे सरळ निम्मे! मग त्रैराशिक मांडा. सरासरी पंधरा आणि खालच्या ६० टक्क्यांकडे साडेसात, तर वरच्या ४० टक्क्यांकडे माणशी सव्वासव्वीस आणे उरतात. (उत्पन्न आणि खर्च यांची यात थोडी गल्लत आहे, पण अंदाजाला पुरे.)

साडेसात आणे रोज म्हणजे महिन्याला सुमारे १४ रुपये. आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, सरकारने नेमलेल्या एका अभ्यासगटाने म्हटलं होतं की १९६०-६१ च्या किमतींनुसार माणसाला जगायला महिन्याला किमान २० रुपये लागतात, तेही आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च न धरता. त्या गटात आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते आणि मिनू मसानीही होते. म्हणजे सरकारचाच एक कागद २० रुपये लागतात म्हणत होता आणि सरकारचाच दुसरा आकडा सांगत होता की ६० टक्के लोकांच्या वाट्याला सरासरी १४ येतात. लोहियांचे तीन आणे संपूर्ण खोडून काढले तरी सरकारची सुटका होत नव्हती.

तरीही तीन आणे खरे होते का? ६० टक्क्यांसाठी नाही, असं माझं मत. तीन आणे रोज म्हणजे महिन्याला साडेपाच रुपयांच्या थोडं वर. देशातले अगदी गरीब त्याच्या आसपास असतील, पण २७ कोटी नाही. हा आकडा इतका खाली का जातो ते मी गावात पाहिलंय. अंबड तालुक्यातल्या एका म्हातारीला मी महिन्याचा खर्च विचारला तर ती म्हणाली, “मीठ-मिर्ची आन काडीपेटी, यवढंच इकत आणतो बाबा. बाकी खळ्यावरचं.” रोख पैसा मोजला तर तिचा खर्च नगण्य निघतो. म्हणून आम्हाला घरची ज्वारी, मजुरीत मिळालेलं धान्य, बांधावरचं सरपण, सगळ्याची किंमत लावून तक्त्यात लिहावी लागायची. ते धरलं की आकडा चढतो, न धरलं की तीन आण्यांवर येतो. सालगड्याच्या घरी तर वर्षाचं धान्य एकदम येतं, मग ते तीस दिवसांत बसवताना अन्वेषकाचीच परीक्षा. लोहियांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांना हवा तेवढा तो आकडा कमी दिसला आणि त्यांनी तो सोडला नाही.

आता २५ हजारांकडे. हा नेहरूंच्या ताटातला किंवा खिशातला खर्च नव्हता, पदाभोवतीचा सरकारी खर्च होता. तो सगळा एका माणसाच्या नावावर मांडणं हा वक्तृत्वाचा डाव. वर्षाचे होतात ९१ लाख. संरक्षणाचे ८६७ कोटी दिवसात वाटले तर रोजचे दोन कोटी ३७ लाख येतात. महागाई आणि करांचा बोजा कुठून येत होता हे शोधायचं असेल तर ते इथे सापडतं, नेहरू राहत त्या तीन मूर्ती भवनात नाही. पण १९६३ मध्ये संरक्षणखर्चावर बोट ठेवायची कुणाची छाती होती? विरोधकांचीही नाही. उलट आणखी शस्त्रं घ्या असाच त्यांचा सूर. त्यामुळे सरकारी उधळपट्टीवरची टीका म्हणून २५ हजारांचा मुद्दा मला लंगडा वाटतो.

तो चालला वेगळ्याच कारणाने. २५ हजार रुपयांचे चार लाख आणे होतात. तीन आण्यांनी भागा: एक लाख तेहतीस हजार माणसांचा दिवस. पारावर बसलेल्या अडाणी माणसालाही हे बोटांवर करता येतं. अर्थसंकल्पाच्या भाषणातलं एक वाक्यही त्याला कळलं नसतं, पण हे कळलं. महागाईवर लोहियांची मागणीही तशीच, एका दमात सांगता येणारी: दाम बांधा, कारखान्याच्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीवर जाऊ देऊ नका. व्यवहारात हे कसं राबवायचं, दर कारखान्याचा उत्पादनखर्च कोण काढणार, याचं पटणारं उत्तर मला त्यांच्या लिखाणात सापडलं नाही.

या भांडणाचा पुढचा धागा पुण्यात येतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो, यावरून त्यांनी दारिद्र्याची रेषा आखली. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात ती महिन्याला साधारण १५ रुपये येते. म्हणजे रोजचे आठ आणे! खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं आपापल्या रेषेखाली निघाली. तीन नाही, पंधरा तर नाहीच. नंदांच्या साडेसातच्या अगदी शेजारी.

तुम्ही ‘आज याचा काय उपयोग’ असंही लिहिलंय. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. बातम्यांच्या मथळ्यांत तोच होता. त्याच अहवालात तळच्या पाच टक्क्यांचा खर्च १,३७३ रुपये दिलाय, म्हणजे दिवसाला ४६ रुपयेसुद्धा नाहीत. कुठल्याही पक्षाचा नेता टीव्हीवर महागाईचा आकडा फेकू लागला की मी पहिल्यांदा एवढंच बघतो, हा सरासरी सांगतोय की तळ.

मूळ चर्चा वाचायची असेल तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात १९६३ चे ऑगस्ट-सप्टेंबर काढा. हाताशी कागद-पेन्सिल ठेवा. आण्यांचे पैसे करताना माझीसुद्धा दोनदा चूक झाली.