घरी ओल्ड फॅशन्ड कसं बनवायचं? नाशिकमध्ये बिटर्स मिळाले नाहीत तर?

बिटर्स म्हणजे मद्यात मसाले-मुळ्या मुरवलेला कडू अर्क; त्याशिवाय ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल होत नाही, हे आधी सांगतो. 1806 साली कॉकटेलची छापील व्याख्या आली तेव्हाही त्यात मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स हेच चार घटक होते. अँगोस्टुरा ब्रँडच्या बिटर्सची छोटी बाटली एकदा आणा, वर्षभर पुरते. तोवर घरात लिंबू असतंच, व्हिस्की सावर करा: 45 मिली व्हिस्की, 25 मिली लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक, बर्फ घालून झाकणाच्या बरणीत जोरात हलवायचं.

बाटली मिळाली की मग जाड बुडाच्या ग्लासात चमचाभर साखर आणि तेवढंच कोमट पाणी घ्या. व्हिस्कीत साखर लवकर विरघळत नाही, तळाशी कण खरखरत राहतात, म्हणून ती आधीच विरघळवा. बाटली झटकून बिटर्सचे 2-3 झटके, 45 मिली बर्बन (मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की), आणि बर्फ. बर्फ मात्र मोठा हवा. मी स्टीलच्या वाटीत पाणी गोठवतो. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ट्रेमधले छोटे तुकडे भराभर वितळतात आणि सगळं पाणचट होतं. अर्धा मिनिट सावकाश ढवळा.

शेवटी संत्र्याची साल. आतला पांढरा भाग खरवडून काढा, तो कडू लागतो. साल ग्लासवर धरून चिमटली की तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर तरंगताना दिसतात. खरा वास तोच.

आपल्याकडे व्हिस्कीसाठी वयाची अट 25 आहे आणि परवानाही लागतो, तो काढून ठेवा.