काळ्या मातीत पाणी जिरवायचं तर आधी खड्डा खणून पाय
भाऊ, रोडच्या कडेला पावसाचं पाणी जिरवायच्या वाफ्याचं (रेन गार्डन) तुझं ड्रॉइंग मस्त आहे पण तू झाडांपासून सुरू करून राहिला, आधी पाणी मोज न. 100 मीटर लांब, 7 मीटर रुंद रोडवर 25 मिमी पाऊस म्हणजे 17,500 लिटर, ते जाईल कुठे? आपली नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् एकदा फुगली की पाणी पीतच नाही, म्हणून फूटभर खड्डा खण, दोनदा पाणी भर, दुसऱ्यांदा किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाय. दिवसभर तसंच राहिलं तर खाली गिट्टी अन् भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप टाकावाच लागते, तोंड पावसाळी नालीत.

माझ्या पहिल्या कामात पाणी आत यायला कर्ब (रोडच्या कडेचे दगड) कापले पण वाफा रोडपेक्षा दोन इंच उंच राहिला, सगळं पाणी समोरून निघून गेलं, पानठेल्यावरचे लोक हसून राहिले होते! वाफा खोलगटच पाहिजे, 15 सेंमी पाणी थांबेल एवढा. पाणी वाफ्यात शिरते तिथे तोंडाशी दगड ठेव, कचरा तिथेच अडकते.

वाळा लाव (कुलरच्या ताट्यांचा तोच), कर्दळ पण चालते. डासांचं लोक विचारतीलच, पाणी दोन दिवसांत उतरलं तर अळ्यांचे डास होत नाहीत. अन् सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तसा पाऊस हे पेलणार नाही, मीटिंगमध्ये पेलेल असं बोलून बसू नको.