रेसिडेन्सी स्वीकारण्याआधी एवढं विचारून घे

एमएलआयएस (ग्रंथालयशास्त्रातली मास्टर्स पदवी) संपत आलंय आणि तू अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या डायव्हर्सिटी रेसिडेन्सीला, म्हणजे कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतल्या नव्या ग्रंथपालांसाठीच्या ठरावीक मुदतीच्या नोकरीला, अर्ज करते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते.

ही कल्पना जुनी आहे. डेलावेअर विद्यापीठात १९८३ मध्येच अशी रेसिडेन्सी सुरू झाली. नेमणूक बहुधा १ ते ३ वर्षांची. आधी कॅटलॉगिंग, संदर्भसेवा, अभिलेखागार असे विभाग फिरायचे, मग एखादा स्वतंत्र प्रकल्प. १ वर्षाची शक्यतो घेऊ नकोस. पहिले ६ महिने माणसं ओळखण्यातच जातात आणि लगेच पुढच्या नोकरीचे अर्ज सुरू.

मुलाखतीत तूही प्रश्न विचार. आधीचे रेसिडेंट आता कुठे आहेत? त्यांच्याशी बोलता येईल का? परिषदांचा खर्च कोण देणार? माझ्या वेळी विविधतेची प्रत्येक समिती माझ्याच गळ्यात पडली आणि बायोडेटात दाखवण्याजोगं काम मागे राहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा प्रकल्प कोणता, मार्गदर्शक कोण, हे पहिल्याच महिन्यात लेखी ठरवून घे.

आणि हो, ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची परवानगी) असशील तर व्हिसाबद्दल अर्ज भरण्याआधीच विचार. उत्तर ईमेलवरच घे.