होमस्टे सांगितला, हॉटेलात झोपवलं: दाद कुठे मागायची?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई व्हिएतनामला गेलो. मुंबईच्या एका टूर कंपनीला ४ लाख ८० हजार रुपये भरले. मेकाँग नदीतली बोटीची सफर आणि विन्ह लाँगजवळच्या आन बिन्ह बेटावर एका शेतकरी कुटुंबाकडे मुक्काम, यासाठीच ही टूर घेतली. ऐनवेळी गाइड ‘तिथे जागा नाही’ म्हणाला आणि शहरातल्या हॉटेलात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बोटीत मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट नव्हती. धक्क्यावर उतरताना सासूबाई घसरल्या, मनगट मोडलं. कंपनी म्हणते, आम्ही फक्त एजंट. कार्यक्रम बदलायचा हक्क अटींत आहे. वाद असेल तर मुंबईत लवादाकडे जा. बाकीचे दिवस ठीक गेले. निघताना गाइडने ‘उत्तम’ असा शेरा असलेल्या फॉर्मवर सहीही घेतली. आम्ही सांगलीत राहतो.

उत्तर: ताई, सर्वात आधी मुंबईची भीती मनातून काढा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सांगलीतच. लवादाची अट त्याच्या आड येत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला शुल्कही नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येईल.

आता ‘आम्ही फक्त एजंट’ या बचावाकडे येऊ. तुम्ही पाठवलेली पावती आणि व्हाउचर मी दोनदा वाचलं. त्यात व्हिएतनाममधल्या कंपनीचं नाव कुठेही नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २३० सांगतं की एजंटाने आपल्या मालकाचं नाव उघड केलं नसेल, तर तो स्वतःच कराराला बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. पैसे यांनी घेतले, मुक्कामाचं वचन यांनी दिलं, तेव्हा जबाबही यांनीच द्यायचा. तिकडच्या बोटवाल्याला पक्षकार करू नका. परदेशात समन्स बजावण्यात महिने जातील आणि तुमचा खटला तिथेच अडकेल.

कार्यक्रम बदलण्याची अट पूर, वादळ अशा कारणांसाठी समजू शकते. ‘जागा नाही’ याचा अर्थ बहुधा बुकिंगच केलं नव्हतं, असा निघतो. म्हणून त्या होमस्टेला एक साधा ईमेल करा: अमुक तारखेला आमच्या नावाने खोल्या राखल्या होत्या का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ही नुसती सेवेतली त्रुटी राहत नाही. खोटी माहिती देऊन टूर विकणं ही अनुचित व्यापारी प्रथाही ठरते.

फॉर्मवरच्या सहीने मी फारसा घाबरत नाही. होमस्टेऐवजी हॉटेलात नेलं त्याच रात्री लॉबीतून तुम्ही कंपनीला पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज त्या सहीपेक्षा वजनदार आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

सासूबाईंच्या दुखापतीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. मुलांना जॅकेट नसणं आणि सासूबाईंचं मनगट मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी सिद्ध होत नाही. फळी नीट टाकली नव्हती का, हात द्यायला कोणी होतं का, धक्का ओला आणि शेवाळलेला होता का, हे दाखवावं लागेल. मुलांनी काढलेल्या व्हिडिओत तो धक्का दिसतो का, ते बघा. सोबतच्या एका प्रवाशाचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर फार उपयोग होईल. विम्याने दिलेला उपचाराचा खर्च पुन्हा मागू नका. त्रास, नंतरची फिजिओथेरपी आणि विम्याने न दिलेली रक्कम तेवढी मागा. पैसे तुम्ही भरले असले तरी सेवा त्यांनीही घेतली, त्यामुळे त्याही ग्राहक आहेत. त्यांना सहतक्रारदार करा.

संपूर्ण ४ लाख ८० हजार परत मागायचा मोह होईल. मागू नका. बाकीचे दिवस ठीक गेले, हे तुम्हीच लिहिलंय, आणि अवाच्या सवा मागणीने खरी तक्रारही संशयास्पद दिसते. नदीची सफर आणि मुक्काम यांचा खर्च, दुखापतीची भरपाई, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च एवढंच मागा. टूरवर कापलेला टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, नुकसानीत धरू नका. तो विवरणपत्रात वळता होतो.

कंपनी पुढच्या टूरसाठी दहा हजारांचं कूपन देऊ करते आहे. ‘आता कोणतीही तक्रार उरली नाही’ असं लिहून घेणार असतील, तर ते घेऊ नका. आयोगासमोर मध्यस्थीची सोय आहे, तिथे सन्मानाने बोलता येईल.

आधी कंपनीला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. पण नोटिशींच्या देवाणघेवाणीत गुंतून पडू नका. तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत त्या मुक्कामाच्या रात्रीपासूनच मोजली जाईल आणि नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. तोवर सासूबाईंना त्या सकाळची हकिगत त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा, तारीख घालून लिहून ठेवा आणि खाली त्यांची सही घ्या.